किल्लीची कडी

गोऱ्हे बुद्रुकच्या काठाला दोन अरुंद नावा,
मधे नळ्या, नळ्यांवर जाळी. एवढीच होडी.
दारायस विकताना म्हणाला होता,
समुद्राची हाय ती, धरणात रुसेल.

उर्मी नवी जाळी ओवत बसलीय,
बाजेचं सुंभ आवळावं तशी, पाय रोवून.
मी डावी नाव वाजवून बघतो
कुंभारवाड्यात माठ वाजवतात तशी.
शेपटाकडे आवाज बद्द.
यासीननं दोनदा लिंपलं, तरी.

डोलकाठी उभी करायला सहा हात
आणि एका गुराख्याचा सल्ला.
तारा लागल्या, खीळ बसली,
खिळीची कडी तेवढी टुपकन चिखलात.
नखाएवढी. सगळं तिच्यावर.
अर्धा तास चिखल चाळला,
मग उर्मीनं स्कूटरच्या किल्लीची कडी
दातांनी उकलली.

चारला सिंहगडाच्या अंगानं वारा आला.
शीड फडफडलं, मग एकदम गप्प,
आणि उजवी नाव पाण्यावेगळी झाली.
आम्ही दोघं बाहेर झुकलेलो,
पाठीखालून धरण पळतंय,
उर्मी ओरडतेय, सोड, दोर सोड थोडा!
मी बघतोय फक्त ती कडी.

काठावर येऊन बूच काढलं.
डावीतून पाणी येतच राहिलं,
बादलीभर, मग आणखी.
"उद्या हेच आपल्या नळाला," उर्मी म्हणाली,
"तुरटी मारून."
यासीन काही बोलला नाही,
लिंपलेल्या जागेवर अंगठा फिरवत राहिला.

डोलकाठी उतरवली नाही.
अंधारात, सुटी किल्ली मुठीत आवळून,
स्कूटरपर्यंत चालत गेलो.