गूळ माझा मी आणलाय

बसते, डॉक्टर.
खिडकीचा काळा कागद राहू द्या तसाच,
भोंगा कधी वाजेल नेम नाही,
आणि धंतोलीत आता "दिवा बंद!" ओरडायला
चिंचाळकर वॉर्डन उरलेला नाही.

काल तेरावं झालं.
तुमच्या सहीचा दाखला सगळ्यांनी मानला: धनुर्वात.
मैदानातल्या खंदकात पायाला खिळा लागला म्हणे.
फौजदार ठवरेंना तर घाईच होती,
इतवारीत रॉकेल पकडायचं होतं त्यांना.

पण प्रेताला आंघोळ घातली
ती आमच्या शाळेच्या गणपत चपराश्यानं.
तो म्हणाला, "बाई, तळवे पाह्यले नं मी,
लेकराच्या गालावानी.
खिळा कुठं लागला, बाप्पा?"

मी मास्तरीण.
चूक दिसली की हात आपोआप लाल शाईकडे जातो.

त्या पहाटे शेजारधर्मानं पहिली मीच पोचले.
टेबलावर कप. तळाशी घोटभर चहा,
दुधाळ, गुळगुळीत.
आता सांगा, दिवाळीपासून
सीताबर्डी ते सक्करदरा, साखर कुणी पाहिली आहे?
अख्खं नागपूर गुळाचा चहा पितं
आणि गुळाच्या चहात दूध फाटतं,
माझं तर रोज फाटतं.
त्याचं फाटलं नव्हतं.

आणि कपाच्या कडेला चिकटलेली, अर्धी विरघळलेली,
मोहरीएवढी पांढरी गोळी.
तुमच्या त्या बाटल्यांत आहेत ना, तशीच.
कुचला फार कडू असतो, नाही का?
वडील वैद्य होते माझे.

शिरगणतीला तुमचं रेशनकार्ड मीच भरलं.
माणसं दोन, तुम्ही आणि आई.
दांडीवर मात्र एक विजार वाळत होती,
तुम्हाला आखूड,
गुडघ्यावरचा डाग नीट न गेलेली.

चिंचाळकर फटींतून बघायचा.
वहीत घरांचे नंबर, पुढे रुपये.
माझ्यापुढे आठ आणे
(पेपर तपासत होते हो, रात्री अकराला).
तुमच्यापुढे पाच. मग पंधरा.
मग पैसे नाहीतच, नुसतं एक गावाचं नाव:
चिमूर.

वही म्हणता?
थंडी काय कमी पडली यंदा? बंबाला कागद लागतोच.
कपही घासला. राखेनं, दोनदा.

हे बरोबर केलं असं मी म्हणत नाही.
त्याची मुलगी चौथीत आहे, माझ्याच वर्गात.
परवा तिनं "दिवा" शब्दाची पहिली वेलांटी दीर्घ काढली
आणि मला लाल शाई उचलवली नाही.
तिची फी आता तुम्ही भरायची.
मॅट्रिकपर्यंत.
कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

आत कोण खोकतंय, मी ऐकलेलं नाही.
पण अडुळसा द्या त्याला,
तुमच्या गोळ्यांनी नाही जायचा तो.

चहा?
घेईन की.
दूध नको. आणि गूळ माझा मी आणलाय,
हा बघा, पदराला बांधून.