चार ओहम

ओपलूससमध्ये, टायरच्या दुकानामागे
माझं हे टेबल. ऑगस्ट. पंखा नुसता फिरतो.
ओदालीबाई नातवाच्या पिकअपमधून
अ‍ॅम्प घेऊन आल्या, चादरीत गुंडाळून,
झोपलेलं पोर आणावं तसा.

चौसष्टचा. जाळीचं कापड तंबाखूनं पिवळं,
एका कोपऱ्याला चर्चच्या हॉलचा निळा रंग घासलेला.
मागची फळी काढली, तर जळक्या लाखेचा वास:
आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलेला.
ट्यूबा शाबूत. दोन्ही स्पीकर शाबूत.
फक्त त्यांची वायर निघालेली.
तुटलेली नव्हे, काढलेली;
वेटोळं करून, सुतळीनं बांधून ठेवलेली.

"अँब्रोज रात्रपाळीहून आला की वाजवायचा,"
त्या म्हणाल्या. "माझी झोप मोडू नये म्हणून
मागे हात घालून काहीतरी काढायचा.
मग दिवे विझवून बसायचा,
ट्यूबांच्या उजेडात. बोटं तेवढी हलताना दिसायची."

मी स्क्रू डबीत टाकत राहिलो.
कसं सांगावं या बाईंना,
की ट्यूबचा अ‍ॅम्प भाराशिवाय चालवू नये.
त्याला समोर सोसणारं कुणीतरी लागतं.
तो आपला ओततच असतो,
आणि पलीकडे घेणारं नसलं
की सगळा जोर माघारी वळतो,
तांब्याच्या गुंडाळीत शिरतो,
तारेवरची लाख जाळत ठिणगी शोधतो.
बाहेर काही ऐकू येत नाही.
लोखंड गुणगुणत असेल किंचित, तेवढंच.

शेवटी सांगितलंच. थोडं कमी करून.
त्या चादरीची घडी घालत होत्या.
घातली. मोडली. पुन्हा घातली.

श्रीव्हपोर्टहून ट्रान्सफॉर्मर नवा गुंडाळून यायला
तीन आठवडे गेले.
केल्व्हन रोज शाळा सुटली की डोकावायचा.
"स्पीकरवर आठ लिहिलंय,
मीटर साडेसहा दाखवतो. खराब आहे का?"
म्हटलं, मीटर त्याला झोपेत मोजतो.
वाजायला लागला की दर सुराला आकडा निराळा,
आठ हे नुसतं हाक मारायचं नाव.
"आणि दोन आठ मिळून सोळा?"
एकामागे एक उभे केले तर सोळा.
शेजारी शेजारी बसवले तर चार.
ह्याला चारच हवेत.
पोरानं बोटांवर काहीतरी मोजलं
आणि नाद सोडला.

शनिवारी बाई आल्या. टायरच्या चवडीवर बसल्या.
मी दोन्ही वायरी डाकल्या, वरून जरा जास्तच कथील लावलं,
पुन्हा कुणाला सहज काढता येऊ नयेत म्हणून.
ट्यूबा लाल व्हायला अर्धं मिनिट.
केल्व्हनला एकच सूर येत होता, जाडी तार, मोकळी.
तोच त्यानं छेडला.

डबीतले स्क्रू थरथरले.
शेजारचा हातोडा थांबला.

मी बटणाकडे हात नेला, "कमी करू का?"

"नको," ओदालीबाई म्हणाल्या.
"तेव्हाही मी जागीच असायचे."