पाच मिनिटं

ड्रॉवर उघडेना.
पासपोर्ट हवे होते, आणि हा
आतून कडी लावल्यासारखा बसलेला.
सुरी घातली, उलथनं घातलं,
शेवटी ढोपर टेकवून ओढला
तेव्हा कळलं कोण अडून बसलंय:
माझा जुना फोन. स्टॉकपोर्टातला पहिला.
सात वर्षं अंधारात
पुरीसारखा टम्म फुगलेला,
काच एका कडेने उचललेली,
दूध उतू जाताना झाकण उचलतं तशी.

आणि त्याच्या पोटाशी मी सुरी फिरवत होते.

उलथन्यावर घेऊन मागच्या अंगणात आले.
बोट पुढे गेलंच.
फुगलेलं दिसलं की दाबून पाहायचं,
हे बोट माहेरूनच शिकून आलंय.
कुंपणापलीकडून हार्ग्रीव्ज ओरडले,
टोप्यांच्या कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस,
एरवी गुलाबांशीसुद्धा हळू बोलणारा:
"दाबू नकोस! टोचूही नकोस.
आमच्या भाचीच्या सोफ्यावर असाच एक..."
पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
दोन्ही हात वर नेले आणि उघडले, बस.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला त्यांनी,
त्यात नातवाच्या खेळातली कोरडी वाळू.
मी म्हटलं, थांबा, आत जाऊन आलेच.

कारण त्यात तेरा सेकंद आहेत.
पहिला बर्फ पडला त्या सकाळचे.
निरुपमा बसस्टॉपवर आ करून उभी,
जिभेवर बर्फ झेलतेय, आणि म्हणतेय,
"अगं, याला चवच नाही!"
मग तिचं ते हसणं, शेवटी उचकी लागेपर्यंत.
नंतर भाड्याच्या चौऱ्याऐंशी पौंडांवरून
जे काही झालं
ते कुठल्याच फोनमध्ये नाही. पाठ आहे.

चार्जरही होता, जपून ठेवलेला,
मानेपाशी वायर सोललेली, वर चिकटपट्टी.
पाच मिनिटं. चार-पाच टक्के.
तेवढ्यात व्हिडिओ नव्या फोनवर पाठवायचा
आणि मग द्यायचा याला निरोप.
प्लग भोकांपर्यंत गेला.

वर ईशान झोपला होता, रात्रपाळी करून.
घराला जिना एकच.
पायऱ्या तेरा.
का मोजल्या कुणास ठाऊक.
दार उघडून खाली यायला किती, झोपेत किती,
धुरात किती,
असला हिशोब कधी केला नव्हता,
चौऱ्याऐंशी पौंडांचा मात्र पै-पैचा केला.

प्लग एप्रनच्या खिशात टाकला.

डबा रात्रभर फरशीवर,
कुंपणापासून दूर, कचऱ्याच्या डब्यांपासून दूर,
झाकण नुसतं वर ठेवलेलं.
तीनदा उठून खिडकीतून पाहिला,
तापकरी मूल पाहावं तसा.
तिसऱ्यांदा आठवलं म्हणून ईशानच्या खोलीत गेले.
तो कामावर, त्याचा दुसरा फोन
उशीखाली, चार्जिंगला लावलेला,
कपाळासारखा गरम.
वायर काढली, स्वयंपाकघरातल्या टाइलवर आणून ठेवला.
सकाळी तो चिडला. चिडू दे.

नगरपालिकेच्या कचराकेंद्रावर
नारिंगी जाकिटातल्या डेलरॉयने हातमोजे चढवले,
डबा दोन्ही हातांनी घेतला.
"काही राहिलंय का आत?"
"एकीचं हसणं," मी म्हटलं,
माझ्या मोडक्या विनोदी सुरात.
तो हसला नाही.
"सगळेच असं काहीतरी सांगतात," म्हणाला,
आणि वेगळ्या पेटीकडे सावकाश चालत गेला,
भरलेला चहाचा कप नेतात तसा.

निरुपमाचा नंबर नव्या फोनमध्ये आहे अजून.
काल उघडला. अकरा टक्के उरले होते.
आधी चार्ज करू, म्हटलं, टेबलावर, समोर बसून.
बसले. शंभर झाले. वायर काढली.
अजून समोरच बसलेय.

ड्रॉवर आता एका बोटाने उघडतो.
मी सवयीने ढोपर टेकवते, जोर लावते,
आणि अख्खा हातात येतो.