लॉट क्रमांक २१४

लुईसच्या लिलावघरात
ती टेबलावर : तपकिरी, ढेरपोटी,
खांद्यावर चार कान, एकाचा टवका उडालेला.
झिलई बुडापर्यंत पोचलीच नाही;
मध्येच कुणी हाक मारली असावी कुंभाराला.

मिस्टर पेनफोल्डनी नखानं टिचकी मारली, ऐकलं,
वहीत लिहिलं : झाकण नाही.

मी हात घातला आत, कोपरापर्यंत.
तळाशी खरखर. बोट चाटलं —
मीठ.
कुणाचं, कुठल्या सालचं,
वहीत तसा रकाना नव्हता.

साडेचारशे पौंडांना गेली.
घेणाऱ्या बाई म्हणाल्या, रिकामीच ठेवणार, खिडकीपाशी.

बांधाबांध करताना
माझ्या हातांनी आपसूक
तोंडावर फडकं ताणलं, सुतळी आवळली.
याला काय म्हणतात, पेनफोल्डनी विचारलं.
दादरा, म्हटलं.
त्यांनी स्पेलिंग विचारलं.