मऊ पॅड

नागदेवीला दुकानदार विचारतो,
"मशीन कुणासाठी? मिस्टर फर्निचरचं करतात?"
मी म्हणते, होडीसाठी. माझ्या.
मग तो नीट बसतो.

नाव मुस्तनसीर, चष्म्याच्या दोरीत पेन्सिल खोचलेली.
आधी पट्ट्याचं मशीन काढतो, जड, हिरवं.
"भिंत खाईल, ताई."
सागाच्या तुकड्यावर चालवून दाखवतो
आणि खरंच खातं ते,
शिंक आली म्हणून थांबलात तर तेवढ्यात खड्डा.
आमची फळी मुळात सव्वा इंच,
तिला समुद्राने चाटून चाटून इंचावर आणलेली.
नको हे.

मग गोल, मुठीत मावणारं.
फिरतं, आणि फिरता फिरता डुलतं,
अंगात आलेल्या बाईसारखं, पण रिंगण न सोडता.
बुडाला आठ भोकं, कागदालाही आठ.
भोकावर भोक बसलं तर धूळ पिशवीत,
नाहीतर माझ्या छातीत.

"पॅड कडक देऊ की मऊ?"

इथे मी अडले.
पास्कूमेस्त्रीने हे सांगितलं नव्हतं,
त्याच्या हयातीत पॅड म्हणजे तळहात.
"गोलाई किती आहे?"
गोलाई कशी सांगतात?
मी काउंटरवर दोन्ही हात उचलले
आणि नाळेपासून मागे नेत गेले,
पोटाशी रुंद, खाली पठाणाकडे वळत,
मागच्या गिऱ्हाइकाला कोपर लागेपर्यंत.
मुस्तनसीर बघत राहिला.
"मऊ," म्हणाला.
"कडक पॅड उंचवटा दिसला की कापतो.
मऊ विचारत विचारत जातो."

साठचे चाळीस कागद. ऐंशीचे पन्नास.
एकशेवीसचे तीस.
"दोनशेवीस?"
तेवढं मात्र मला पाठ होतं:
लाकडाला जरा दाढी ठेव, गो,
रंगाने धरायचं कशाला?

वेसाव्याहून फेरीबोटीत खोका मांडीवर.
मढला उतरल्यावर पोरं मागे लागली, ड्रोन आहे का?

आधी तीन पिंपं गोडं पाणी ओतलं तिच्यावर.
टँकरचं, विकतचं. बायका हसल्या.
पण खारं लाकूड कागद चिकट करतं,
चार मिनिटांत साठचा कागद पापडासारखा गुळगुळीत.
दोन दिवस वाळवली.
तोंडाला मास्क; जुन्या रंगात काय काय विष असतं.
बर्फाच्या कारखान्यातून वायर ओढली
आणि सुरू केलं.

हिरवा गेला. खाली निळा.
निळ्याखाली शेंदरी, मग पुन्हा निळाच, वेगळा.
माझ्या भुवया निळ्या झाल्या.
पास्कू उलट्या टबावर बसून
मशीनकडे बघत होता, परक्या कुत्र्याकडे बघावं तसा.

तिसऱ्या दिवशी काठ.
उजव्या काठावर, मधोमध, एक खाच,
अंगठ्याएवढी खोल:
बावतीसकाका इथून दोर ओढायचा, बत्तीस वर्षं.
त्याचे मुलगे आता क्रूझवर टॉवेलचे हंस करतात,
म्हणून होडी माझी.
कडक पॅड असतं तर काठ एका रेषेत आला असता,
खाच भरून नाही, आजूबाजूचं उतरवून.
मऊ पॅड सरळ आत उतरलं, दोरासारखं.
मी हात हलका केला.
किती घासलं म्हणजे साफ होतं
आणि किती घासलं म्हणजे संपतं,
हे कागदाच्या पाठीवर छापलेलं नसतं.

तेवढ्यात कारखान्याचा कंप्रेसर लागला,
व्होल्टेज पडलं,
मशीन खाचेतच मंद होत होत थांबलं.
पास्कू हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

उठला, झिजलेल्या एकशेवीसची तिहेरी घडी केली,
खाचेत बोट घालून चार वेळा फिरवलं,
फुंकर मारली.
"बस."

मग पॅड काढायला सांगितलं.
किंमत विचारली, ऐकून आईची आठवण काढली.
उलटंपालटं केलं, दाबलं,
ते फुगून परत वर आलं, ते दोनदा पाहिलं.
आणि स्वतःच्या तळहातावर ठेवलं,
माप घेतात तसं.

जरासं मोठंच होतं.