भरती

सी-फॉर्मवर तिचं नाव मी तीनदा खोडलं.
म्वानाइशा. बेट पेंबा.
हवालदार म्हणाला, मनीषा लिहा ना सरळ.
कागदावर तसं चालेना,
पण गल्लीनं तेच धरलं.
ती ओ द्यायची, जरा उशिरा,
जशी आधी दुसरीच कोणी वळून बघतेय
आणि तिच्या मागून ही.

देवपुरातली आमची वरची खोली,
वर पत्रा, एक खिडकी, फार्मसीचं पहिलं वर्ष.
बॅग ठेवायच्या आधी विचारलं,
समुद्र कुठल्या बाजूला?
मी हात केला सुरत रोडकडे,
जिकडून रात्रभर ट्रक येतात.
किती दूर?
काय सांगू. मी सुरतेला तीनदा गेले,
साड्यांच्या मार्केटातून बाहेरच पडले नाही.
तिनं कॉट त्या दिशेला फिरवली,
भिंतीचा रंग खरवडला.
मी काही बोलले नाही. डिपॉझिटात धरला.

एका आठवड्यात पाच नारळ.
भटू वाण्यानं मला रस्त्यात गाठलं,
कोणता एवढा नवस फेडी राहिनी तुमनी पोर?
नवस कसला, नारळाच्या दुधातला भात.
एक वाटी खाली आली.
मी कळण्याची भाकर वर पाठवली, ठेच्यासकट.
ताटली धुऊन परत आली,
भाकरीबद्दल दोन दिवस कोणीच काही बोललं नाही.

एप्रिलात पत्रा पेटला.
ओली ओढणी पांघरून झोपायची,
अर्ध्या तासात तिचा पापड.
एकदा जिन्यावर रडत बसलेली.
म्हणाली, इथल्या हवेला चव नाही,
घरी ओठ चाटले की मीठ लागतं.
मी म्हटलं, मग इथं घाम आहे ना, माय.
शहाणपणाचं नव्हतं ते.
दुसरं काही सुचलं नाही.

पाणी मात्र शिकवावंच लागलं.
नळ आठव्या दिवशी, कधी नवव्या,
कधी पहाटे तीनला, कधी आपण बाजारात असताना.
आधी टाकी, मग पिंप, मग पातेली,
मग तांबे, चंबू, दिसेल ते.
पहिल्या खेपेला शेजारची वेणूबाई ओरडली,
नय उना, नय उना!
हिला वाटलं, काही नाही आलं.
तशीच झोपून राहिली,
आठ दिवस माझ्या पिंपातून बादल्या नेल्या.

मग एकदा तुटक हिंदीत म्हणाली,
आमच्याकडेही पाणी येतं-जातं.
रोज कालच्याहून पाऊण तास उशिरा.
मागे सरलं की बायका उतरतात,
आई दोऱ्यांना शेवाळ बांधते ओणव्यानं,
परत यायच्या आत वर यायचं.
घड्याळ?
छे. चंद्र बघायचा.
मी म्हटलं, इथं चंद्राचं काही चालत नाही,
इथं वॉलमन सुकलाल आहे.
त्याला बघायचं.

आणि बघायला लागली की.
वही केली. वार, वेळ, किती मिनिटं,
सुकलालची सायकल चौकात कधी दिसली,
त्याच्या सासऱ्याच्या तेराव्याला दोन दिवस उशीर.
वेणूबाई आता तिलाच विचारते,
उद्या धुणं काढू का गं मनीषा?

काल रात्री पावणेतीनला जिन्यावर चपला वाजल्या.
पाइपात हवा नुसती खाकरत होती,
आम्हाला कोणालाच ऐकू आलं नव्हतं.
ती गल्लीभर दारं ठोकत,
नय उना व माय! नय उना!
‘उना’ अगदी आमच्यासारखं,
‘नय’ थोडं लांबलेलं.

दिवे लागले. पदर खोचून मी बाहेर,
पिंप आडवं आलं होतं.
ओठ मिटून, मग सोडून,
चूळ भरल्यासारखं,
मी पहिल्यांदा नीट म्हटलं,
म्वानाइशा, सरकव ते.
तिला ऐकू गेलं नसावं.
टाकीत वाकली होती कोपरापर्यंत.
बोट चाटलं, तोंड वाकडं केलं.
गोडं, म्हणाली मराठीत,
तक्रार केल्यासारखी.

बेचाळीस मिनिटं होतं.
तिनं लिहून ठेवलं.