मठार

नूपुर खैरनार नाव तिचं, निफाडकडची,
माझ्या धाकटीहूनही लहान.
दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणाली,
"वडनेरेकाका, उशी छातीशी घट्ट धरा
आणि खोका."

खोकलो.
तारेनं शिवलेलं हाड आत करकरलं,
काठ उलटवताना परात करकरते तसं.
बेचाळीस वर्षं जोडकाम केलंय मी,
डाग बसला की नाही, बोट फिरवून सांगतो.
हा जोड बसायला बारा आठवडे, ती म्हणाली.
तोवर कळशी नाही, जड दार ढकलणं नाही,
उठताना हातांवर भार नाही.
हातोड्याचं मी विचारलंच नाही.

मग ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र.
श्वास ओढायचा, गोळे वर.
पहिला गेला. दुसरा थरथरला.
आठव्या वर्षापासून भाता ओढलेला माणूस मी,
आणि तिसरा गोळा
तळाशी बसून माझ्याकडे बघतोय.

लहानपणी सांधे सुजले होते, ताप होता.
आईनं निर्गुडीचा शेक दिला,
ताप उतरला असं सगळ्यांनी धरलं.
तो झडपेत जाऊन बसला होता,
पन्नास वर्षं,
भाडं न देता.

आता तिथं नवी झडप.
कसली, विचारलं. कार्बनची म्हणाले.
तांब्यापितळेचं काही नाही, तरी वाजते.
रात्री तांबट आळी गप्प झाली की
टक्. टक्.
सिंधू म्हणायची, उशाशी गजराचं घड्याळ ठेवल्यासारखं,
झोपच येत नाही.
परवा मध्यरात्री मला हलवून उठवलं,
"ऐकू येत नव्हतं हो."
मी कूस बदलली होती, एवढंच.

पहिला आठवडा आळीच्या तोंडापर्यंत.
पाचवा होळकर पुलापर्यंत,
मध्ये कठड्याला टेकून, गोदावरी बघितल्याचं सोंग करून.
नूपुर फोनवर विचारते,
"दम किती लागला? सहा ते वीस, आकडा सांगा."
आकड्यात मला दम सांगता येत नाही.
म्हटलं, बोलता येतंय, गाता येत नाही.
"मग बरोबर. तेवढाच लागू द्या."

महिन्याला रक्त. पातळ किती, मेथी किती खाल्ली,
गोळी अर्धी की पाऊण.
सिंधू कॅलेंडरवर लिहून ठेवते,
दुधाच्या हिशेबाशेजारी.

खाली दुकानात पुतण्या हर्षल मठारतो.
चार ठोके सरळ, पाचव्याला घाई,
हंड्यावरचे डोळे एकमेकांवर चढतात.
वरून पडल्यापडल्या दिसतं मला ते.
ओरडायचं नाही, छातीवर ताण येतो.

तेराव्या आठवड्यात नूपुरनं परवानगी दिली,
हलका हातोडा, दहा मिनिटं, मध्ये थांबून.
उतरलो. हातोडा उचलला नाही आधी.
हर्षलला म्हटलं, ये इकडे, कान लाव इथं.
हा ठेका धर.

तो कान लावून बराच वेळ ऐकत राहिला.
"काका, पण हा तर घाई करतोय."

माळ्यावर चढून ऐरण काढून आलोय रे, म्हटलं,
म्हणजे तुझ्या काकूनं काढली, मी नुसता चढलो.
थांब जरा.
बसू दे.